रोज संध्याकाळी रांगणारं, पावसात तुटणारं नेट : रीस्टार्टचं बटण दाबण्याआधी

तक्रार साधारण अशी असते. सकाळी नेट व्यवस्थित चालतं. संध्याकाळी सात-साडेसात वाजले की व्हिडिओ थांबत थांबत चालू लागतो, मीटिंगमध्ये आवाज तुटतो, बँकेचं पान अर्धवट उघडून तसंच लटकतं. मग घरातलं कोणीतरी उठून राउटर बंद-चालू करतं, थोडा वेळ बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेच रडगाणं. जून लागला की त्यात भर पडते. पावसाची मोठी सर आली की नेट साफ जातं आणि ऊन पडल्यावर कोणी हात न लावता परत येतं.

गोव्यात नातेवाइकांकडे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे हे इतक्या घरांत पाहिलंय की आता मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो : नेट बिघडलेलं असताना राउटर रीस्टार्ट करू नका. निदान पाच मिनिटं थांबा. अधूनमधून येणारा बिघाड तो चालू असतानाच पकडावा लागतो. रीस्टार्ट केलं की कुठला दिवा कसा होता, फायबरच्या काचेच्या धाग्यातून प्रकाश किती येत होता, कुठलं यंत्र किती नेट ओढत होतं, हे सगळं पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस येतो तेव्हा नेट सुरळीत धावत असतं. तो स्पीड दाखवतो, तक्रार बंद करतो आणि जातो. त्याला तरी काय सापडणार?

दुसरी सवय म्हणजे मोठा प्लॅन घेणं. ४० एमबीपीएसचं १०० केलं, १०० चं २०० केलं, तरी संध्याकाळ तशीच. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे ४० च्या लाइनवर दोन टीव्ही आणि एक मीटिंग आरामात चालायला हवी. चालत नसेल तर दुखणं वेगळीकडे आहे, आणि प्लॅन वाढवणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला.

ती पाच मिनिटं

फायबरच्या डब्यावर एक दिवा 'पॉन' नावाचा असतो आणि एक 'एलओएस' नावाचा. पॉन स्थिर आणि एलओएस विझलेला असेल तर प्रकाश घरापर्यंत पोचतोय. एलओएस लाल लुकलुकत असेल तर तो पोचत नाही, किंवा पोचतो तो फार क्षीण. अशा वेळी घरातलं काहीही हलवण्यात अर्थ नाही. मोबाइलवर दिव्यांचा फोटो काढा, वेळ त्यात आपोआप नोंदली जाते, आणि तक्रार करा.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वायफाय बंद करा. ही एक केबल घरात असायलाच हवी. नव्या पातळ लॅपटॉपना लॅनचं भोक नसतं, त्यांच्यासाठी यूएसबीचा छोटा अडॅप्टर मिळतो. केबलवर सगळं झकास चालत असेल तर कंपनीची लाइन निर्दोष आहे आणि दोष तुमच्या वायफायचा. केबलवरही रडत असेल तर वायफायची चर्चा तिथेच थांबवा. निम्म्या घरांत एवढ्यावरच उत्तर मिळतं, आणि तरीही जवळजवळ कोणीच हे करत नाही.

त्यापुढची पायरी पिंगची, म्हणजे समोरच्या यंत्राला छोटी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग लिहून राउटरचा पत्ता द्या. तो राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१. दुसरीत ८.८.८.८ द्या, हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा संगणक. दोन्हीकडे शेवटी जागा सोडून 'डॅश टी' लावलं की पिंग अखंड चालत राहतं. अक्षरं आणि अंक अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरचे.

आता दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसा. केबलवर राउटरचं उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं, वायफायवर दोन ते दहाच्या. वायफायवर हाच आकडा दोनशे-पाचशेवर उड्या मारत असेल किंवा मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेतच गडबड आहे. राउटर झटपट उत्तर देतोय आणि ८.८.८.८ मात्र अडखळतंय, तर दोष राउटरच्या पलीकडे, तारेत किंवा अपलोडमध्ये. दोन्ही खिडक्या शांतपणे चालल्या आहेत आणि तरी पान उघडत नाही, तर नेट चांगलं आहे. दोष डीएनएसचा, ब्राउझरचा किंवा त्या साइटचा.

वहीच्या एका पानावर तारीख, वेळ, कुठली खिडकी अडली, बाहेर पाऊस होता का, वीज गेली होती का, एवढं लिहीत चला. आठवडाभरात पान बोलायला लागतं.

चिऱ्याची भिंत

माशेलला माझ्या मावशीचं घर जुनं आहे. मधोमध राजांगण, भोवती खोल्या, दीड-दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंती. फायबरची तार रस्त्याच्या बाजूने बैठकीच्या खोलीत शिरते आणि राउटर तिथेच दाराच्या वर खिळ्याला टांगलेला. मावशी म्हणाली, "मे महिन्यात स्वयंपाकघरात मोबाइल चालायचा रे, पाऊस लागल्यापासून तिथे एक काडी येत नाही." घरातल्यांना वाटलं मावशीचा काहीतरी गैरसमज आहे. तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. चिरा सच्छिद्र दगड आहे, पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषतं. कोरड्या भिंतीतून जेमतेम पार होणारा सिग्नल ओल्या भिंतीत अडकतो. वायफायच्या दोन बँडपैकी, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांपैकी, ५ गिगाहर्ट्झचा यात लवकर मरतो, २.४ चा जरा तग धरतो.

अशा घरात राउटर बदलून फरक पडत नाही, जागा बदलून पडतो. राजांगणाच्या बाजूला, उघड्या दाराच्या रेषेत, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर राउटर आणला तर अंगण ओलांडून सिग्नल मागच्या खोल्यांत जातो, कारण मध्ये हवाच असते. लोखंडी कपाटाच्या मागे, आरशाजवळ, फ्रिजवर, टीव्हीच्या मागे राउटर नको. गच्चीवर पावसाळी पत्रे घातलेत आणि वरच्या खोलीचा राउटर गच्चीवर चालेल अशी अपेक्षा आहे, तर तीही सोडा. पत्र्यातून वायफाय जात नाही.

जागा बदलूनही मागची खोली मिळत नसेल तर माझं स्पष्ट मत : सिग्नल पकडून पुढे ढकलणाऱ्या रीपीटरच्या नादी लागू नका. स्वस्तातला रीपीटर ज्या बँडवर ऐकतो त्याच बँडवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यात लोक तो नेमका जिथे सिग्नल नाही त्याच खोलीत लावतात, मग तो बिचारा पुढे देणार तरी काय? कौलारू घर असेल तर वाशांच्या आधाराने, कौलांच्या खालून एक लॅन केबल मागच्या खोलीत न्या आणि तिथे जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरचं नेट फक्त वायफायने पसरवण्यासाठी, लावा. जुन्या राउटरची डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायची सोय, बंद करायची, पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा द्यायचा आणि केबल त्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनसाठीच्या, भोकात न घालता लॅनच्या भोकात घालायची. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, मोबाइल आपण होऊन जवळचा पकडतो. मावशीकडे आता हेच आहे आणि तिचं भजन स्वयंपाकघरात अखंड चालतं.

केबल घेताना निखळ तांब्याची मागा. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास विकली जाते. आपल्या खाऱ्या दमट हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. चांगल्या केबलवर १०० मीटरपर्यंत गिगाबिट मिळतं. स्पीड टेस्ट नेहमी ९०-९५ वरच अडकत असेल, प्लॅन कितीही मोठा घेतला तरी, तर समजा की केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे किंवा मधलं एखादं भोक १०० एमबीपीएसचंच आहे. आणि एक सावधगिरी : मूळ घरातून अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज जवळपास पडली तर त्या तांब्यातून धक्का दोन्हीकडच्या यंत्रांत शिरतो. तिथे छोटी फायबर ओढून घ्यावी. काचेतून वीज वाहत नाही.

पणजी, ताळगाव, मडगाव, पर्वरीच्या फ्लॅटमध्ये गणित वेगळं. तिथे भिंती पातळ आणि शेजारी दाट. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. वायफाय तपासणारं एखादं अॅप उघडून सगळ्यात कमी गर्दीचा चॅनल निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, आणि टीव्ही-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर हलवा. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे जेवण गरम करताना नेट तुटत असेल तर तो भास नव्हे. सत्तरी-डिचोलीत सुटं घर असेल तर चॅनलच्या मागे वेळ घालवू नका.

संध्याकाळ आणि अपलोड

ताळगावला आमच्या वहिनीचं घरून काम असतं. रोज संध्याकाळी तिचा आवाज मीटिंगमध्ये तुटायचा. केबलवरही तसंच. पिंगच्या खिडकीत राउटर एक मिलिसेकंद आणि ८.८.८.८ मात्र कधी १५, कधी ९००. तिने स्पीड टेस्ट केली तर डाउनलोड भरपूर. सगळे तिला सांगत होते की नेट फास्ट आहे, तुझा लॅपटॉप जुना झालाय.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं, त्यावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. काही राउटर प्रत्येक यंत्र किती वर पाठवतंय तेही दाखवतात. वहिनीकडे दोन गोष्टी सापडल्या. मुलं आणि दादा संध्याकाळी घरी आले की त्यांचे मोबाइल वायफायला जोडले जात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागत. शिवाय दाराजवळचा कॅमेरा सतत व्हिडिओ वर पाठवत होता. त्यांच्या प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा बराच कमी होता, तो भरून गेला की राउटरमध्ये रांग लागते. आणि गंमत नाही, खरी अडचण इथे आहे : पान उघडण्याची साधी मागणीसुद्धा वरच जावी लागते. ती फोटोंच्या रांगेत उभी राहते आणि डाउनलोड रिकामा असूनही सगळं अडतं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत तर विचारूच नका. मुंबई-पुण्याहून माणसं घरी आलेली, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीचे आणि आरतीचे व्हिडिओ.

तपासायची रीत सोपी. घर शांत असताना ८.८.८.८ ची पिंग चालू ठेवा आणि मोबाइलवरून एक मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. आकडा २० वरून शेकड्यांत गेला की चोर सापडला.

उपाय : फोटोंचा बॅकअप रात्री, मोबाइल चार्जिंगला असतानाच होईल असं जमत असेल तर तसं लावा. जमत नसेल तर संध्याकाळपुरता थांबवून ठेवा. कॅमेरा सतत न पाठवता हालचाल झाली तरच पाठवेल असा करा, आतल्या मेमरी कार्डावर साठवत असेल तर उत्तमच. विंडोज अपडेटच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे. तुमचा संगणक उतरवलेली अपडेट इंटरनेटवरच्या परक्या संगणकांना वाटत बसू नये म्हणून ते बंद करा. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय, असेल आणि त्यात अपलोडची मर्यादा घालता येत असेल तर लाइनच्या खऱ्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्के आकडा टाका. थोडा वेग सोडल्यासारखं वाटेल, पण रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि मीटिंगचा आवाज तुटत नाही. वहिनीने फक्त बॅकअपची वेळ बदलली आणि प्रश्न मिटला.

हे सगळं केल्यावरही केबलवर, घरातली बाकी यंत्रं बंद असताना, संध्याकाळी ८ ते ११ पिंग खराबच असेल तर मग कंपनीकडे गर्दी आहे. घरगुती फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत एका धाग्यावरून खाली येणारा साधारण २.५ गिगाबिटचा प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, आणि त्यापुढे कंपनीने गावासाठी घेतलेली वाट किती रुंद आहे तो वेगळाच प्रश्न. हे तुम्ही घरात बसून दुरुस्त करू शकत नाही, पुराव्यानिशी सांगू शकता.

पाऊस, माड आणि वीज

फायबरमध्ये पाणी शिरून नेट जातं असं सगळे म्हणतात. काचेच्या धाग्याला पावसाचं लगेच काही होत नाही. त्रास होतो तो जोडाच्या डब्यात पाणी साचल्यामुळे, आणि त्याहून जास्त, तार ताणली किंवा दुमडली गेल्यामुळे. धागा फार लहान वळणात वाकला की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते डिचोलीजवळ एका काकांकडे. वारा सुटला की त्यांचं नेट जायचं, नुसता पाऊस असला तर नाही. रस्त्याच्या खांबावरून आलेली तार त्यांच्या अंगणातल्या माडाला बांधली होती आणि तिथून घरात. गाठ जुन्या तांब्याच्या तारेच्या तुकड्याने, पक्कडीने पिळून आवळलेली. फायबरचं काळं आवरण गाठीखाली चपटं झालं होतं आणि एका बाजूला पांढरट चर पडली होती. माड वाऱ्यावर झुकला की घराकडची बाजू ताणली जाई आणि गाठीपाशी तार जवळजवळ काटकोनात वळे. माड सरळ झाला की नेट परत. घरात सगळं तपासून झालं होतं, राउटरही बदलून झाला होता, माडाकडे कोणी वर पाहिलं नव्हतं.

राउटरच्या पानावर 'ऑप्टिकल पॉवर' किंवा 'आरएक्स पॉवर' नावाचा आकडा असतो, उणे चिन्हासह, डीबीएममध्ये. बहुतेक घरगुती फायबरवर उणे १५ ते उणे २५ पर्यंत निश्चिंत राहावं. उणे २७ च्या खाली गेला की लाइन कधीही तुटेल. हा आकडा कोरड्या शांत दिवशी एकदा लिहून ठेवा आणि वारा-पाऊस चालू असताना परत बघा. तीन डीबीचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा झाला. काकांकडे शांत असताना उणे २१ यायचा आणि झोतात उणे २८. हे दोन फोटो दाखवल्यावर लाइनमनने वाद घातला नाही. गाठ सोडली, तार माडाऐवजी घराच्या भिंतीवरच्या हुकाला सैल झोळ देऊन लावली. झोळ ठेवायला विसरू नका. पाडेली नारळ काढायला येतो तेव्हा झावळ्या तारेवर पडणारच. घट्ट ताणलेली तार तुटते, सैल तार झुलते.

घरात तार खिडकीच्या चौकटीत चेपलेली नसावी, दाराच्या बिजागरीतून जाऊ नये, आणि उरलेल्या तारेची गुंडाळी निदान मुठीएवढ्या वेढ्यांची असावी. फायबरचं टोक हिरवं असेल तर भोकही हिरवंच हवं. हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं आणि निळं सरळ, एकात एक घातलं तर बसतं पण प्रकाश वाया जातो. टोक उपसून तोंडाने फुंकर मारू नका आणि डोळ्यासमोर धरून आत पाहू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक असू शकतो.

विजेचा भाग वेगळा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज पूर्ण जाण्याआधी अनेकदा क्षणभर डोळा मिटते. तेवढ्यात राउटर बंद होतो आणि परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. दिवसातून असं चार वेळा झालं की घरात 'नेट सारखं जातं' अशी तक्रार सुरू होते, आणि दोष लाइनवर जातो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी-यूपीएस मिळतो, तो घ्याच. घेताना अडॅप्टरवर छापलेलं वाचा : व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या चित्रात आतला भाग धन असल्याची खूण दोन्हीकडे सारखी असावी. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना पुरवठा हवा. एकच चालू ठेवून काही मिळत नाही.

अडॅप्टरवर एक मिनिट जास्त थांबतो, कारण तोच बऱ्याचदा गुन्हेगार असतो. दोन-तीन पावसाळे काढलेला अडॅप्टर रिकाम्या वेळी १२ व्होल्ट देतो आणि संध्याकाळी राउटरवर काम वाढलं की ढेपाळतो. मग राउटर आपला आपण रीस्टार्ट होतो. राउटरच्या पानावर 'अपटाइम' दिसतो. तुम्ही हात लावला नसताना तो एक-दोन तासांचाच दिसत असेल तर आधी तेवढ्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर लावून पाहा. पावसाळ्यात उबेसाठी मुंग्या राउटरच्या आणि भिंतीवरच्या डब्यात घर करतात, जाळीतून आत डोकावा.

घरात इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, तरी वीज गेल्यावर थोड्या वेळाने नेट जातंय? मग मधल्या डब्याची बॅटरी संपतेय. मोठ्या फायबर जाळ्यांत वाटेवरच्या फाट्याला वीज लागत नाही. पण काही स्थानिक केबलवाल्यांची जोडणी अजून खांबावरच्या किंवा कोणाच्या घराच्या पडवीतल्या छोट्या स्विचमधून जाते, आणि त्याला वीज लागते. केबलवाल्याला नीट विचारा की मधला स्विच कुठे आहे आणि बॅटरी कधी बदलली. वाड्यावरच्या दहा घरांनी मिळून विचारलं की बॅटरी येते.

नेट चांगलं, तरी पान उघडत नाही

व्हॉट्सअॅप येतंय पण साइट उघडत नाहीत, असं असेल तर बहुतेक वेळा डीएनएस. राउटरमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ घाला. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग आहे, तिथे 'डीएनएस डॉट गूगल' इंग्रजीत लिहिलं की झालं. याने डाउनलोडचा वेग वाढत नाही, पान उघडायला सुरुवात होण्याआधीचा थांबा कमी होतो. सगळ्याच साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असतील तर संगणकाची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेला कुठलंच प्रमाणपत्र वैध ठरत नाही.

एकाच लॅपटॉपवर पानं जड चालत असतील तर तीच साइट खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून पाहा. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयी, सहसा बंद असतात. तिथे पळाली तर एकेक एक्स्टेन्शन बंद करत जा, शेवटी जे उरेल ते काढून टाका. रोज कॅशे साफ करण्याचा सल्ला मी कोणाला देत नाही. त्याने प्रत्येक चित्र पुन्हा उतरवावं लागतं आणि ब्राउझिंग उलट मंदावतं. एखादं पान जुनंच दिसत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, किंवा फक्त त्या साइटचा साठा पुसा. क्रोममध्ये मेमरी सेव्हर चालू करा, बाजूला पडलेले टॅब झोपी जातात. जाहिराती अडवण्यासाठी फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन आजही पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने त्याची जुनी आवृत्ती बंद केली आहे, तिथे लाइट आवृत्ती घ्यावी. जाहिरातींनी भरलेल्या बातम्यांच्या पानांवर याचा फरक कुठल्याही प्लॅनपेक्षा मोठा पडतो.

घरातल्या वयस्कर माणसांचा मोबाइल मात्र स्वतः हातात घेऊन बघा. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असे इशारे येत असतील तर सहसा तो व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितलेली असते आणि आजोबांनी 'अलाव' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशन उघडा, अनोळखी नावं सगळी बंद करा, आणि त्या भीतीपोटी उतरवलेली 'क्लीनर' अॅपं काढून टाका. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

एखादीच साइट अडत असेल, विशेषतः बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेला, तर मोबाइल डेटावर तीच उघडून पाहा. तिथेही अडली तर तुमच्या नेटला दोष देऊ नका आणि भरणा दोनदा करू नका. आधी बँकेचा मेसेज तपासा.

तक्रार करताना

'नेट स्लो आहे' एवढंच सांगितलं की उत्तर 'रीस्टार्ट करा' हेच येणार. त्याऐवजी असं सांगा : लॅपटॉप केबलने जोडला होता, वायफाय बंद होतं, राउटरचं पिंग १ होतं, ८.८.८.८ ला या तारखांना रात्री ८ ते ११ उत्तरं गळत होती, आरएक्स पॉवर एवढी होती, हे फोटो. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा.

स्थानिक केबलवाला असेल तर त्याला घरी बोलवण्याची वेळ सकाळची देऊ नका. बिघाड संध्याकाळचा असेल तर संध्याकाळीच बोलवा आणि वहीचं पान समोर ठेवा. मोठ्या कंपनीची जोडणी असेल आणि तक्रार न सुटताच बंद केली, तर त्याच डॉकेट नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांत ही सोय आहे आणि अपीलासाठी मुदत ३० दिवसांची. त्यांचा पत्ता कंपनीच्या साइटवर असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही यासाठी चालतो, तिथेही डॉकेट नंबर आणि तारखा विचारतात.